जित्त्या माणसाचा पंचनामा

नोकरीतली माझी निम्मी वर्षं बैठकांत गेली. समन्वय समितीची बैठक म्हटलं की आजही माझ्या कपाळाला आठी पडते. चहा यायचा, बिस्किटं यायची, आणि शेवटी इतिवृत्तात एकच वाक्य उमटायचं : 'सर्व संबंधितांनी समन्वय साधावा.' संबंधित म्हणजे कोण, असं कोणी विचारायचं नाही, कारण जो विचारील तोच संबंधित ठरायचा. समन्वय म्हणजे काय ते मी एका माणसाकडून शिकले. त्या माणसानं हा शब्द माझ्यासमोर एकदाही उच्चारला नाही.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हाची, म्हणजे ऐंशीच्या दशकातली गोष्ट. माझं माहेर नांदेडचं, आणि नांदेडच्या माणसाला गोदावरीचा म्हणून एक तोरा असतो, तो माझ्यातही होता. पहिली नेमणूक लातूरला झाली तेव्हा मी चार दिवस तोंड फुगवून होते. तिथं जाऊन बघते तर जिल्हा मांडणं अजून चालूच होतं. एक कचेरी भाड्याच्या घरात, दुसरी कुणाच्या आडत दुकानाच्या माडीवर, तिसरी शाळेच्या दोन खोल्यांत. पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवं रंगवलेलं, पण ऊन पडलं की जुनी अक्षरं खालून डोकवायची. जुन्या जिल्ह्याकडून कागदांचे बस्ते ट्रकनं येत होते, आणि कुठला बस्ता कुठल्या कचेरीत उतरला ते फक्त हमालाला ठाऊक असायचं. त्यात पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. नवं घर मांडायला घ्यावं आणि त्याच वेळी घरात आजारपण यावं, तसं झालं होतं.

मी पंचायत समितीत समाजकल्याणाच्या टेबलावर होते. रेणापूरकडची गावं माझ्याकडं होती. निराधार माणसांना सरकार दरमहा मदत देतं, त्याचे अर्ज तहसिलीत जायचे. आम्ही घरची परिस्थिती बघून शिफारस करायची आणि तहसिलीनं ते मंजुरीच्या बैठकीपुढं ठेवायचे. तहसील आणि आमची कचेरी यांच्यात एकच भिंत होती. तिकडच्या शिपायाला शिंक आली तर आम्हाला ऐकू यायची. पण इकडचं पत्र तिकडं जायला आवक-जावक करत पंधरवडा लागायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मला तर नाहीच. माझा मसुदा फार चांगला आहे असं साहेब म्हणायचे, आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसले होते.

अशात एका म्हातारीचा अर्ज माझ्याकडं आला. वय पासष्टच्या पुढं, नवरा नाही, मूलबाळ नाही, जमीन नाही. अर्ज अगदी सरळ होता. शिफारस पक्की व्हावी म्हणून मी एक जादाचा शहाणपणा केला. गावाजवळ दुष्काळी काम चालू होतं, रस्त्याच्या खडीचं. मी बांधकाम खात्याला पत्र टाकलं की सदर अर्जदार बाई आपल्या कामावर नाही, असा दाखला मिळावा. उलट टपाली उत्तर आलं की बाई कामावर आहे, मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, तिचं नाव आहे. ते उत्तर मी इमानदारीनं अर्जाला जोडलं. तहसिलीतून शेरा आला : 'अर्जदार काम करण्यास सक्षम असल्याने अपात्र.'

म्हणजे म्हातारीचं ताट मीच ओढलं. ते मला लगेच कळलंही नाही. कळलं ते गावचा तलाठी आला तेव्हा. तो म्हणाला, बाई खडी फोडत नाही, तिच्यानं हातोडा उचलत नाही. कामावर पाणी पाजायला आणि मजुरांची लेकरं सांभाळायला एक माणूस ठेवता येतो, म्हणून तिथल्या इंजिनिअरनं दया येऊन तिला रांजणापाशी बसवलंय. पण ऊन वाढलं तशी ती दोनदा चक्कर येऊन पडली होती. काम उन्हाळाभरच चालणार, ते बंद पडलं की चूलही बंद. मदत हवी तर मस्टरवरचं नाव कापायचं आणि नव्यानं अर्ज करायचा. आणि अर्ज मंजूर होईस्तोवर, दोन महिने म्हणा की चार, तिनं काय खायचं, याचं उत्तर कुठल्याच खात्याकडं नव्हतं.

माझा राग मोठा लवकर चढतो. मी तडक भिंतीपलीकडं गेले. निराधारांचं टेबल एका अव्वल कारकुनाकडं होतं. साठीकडं झुकलेले, बारीक दाढी, इस्त्रीचा नसलेला पण धुतलेला पांढरा पायजमा. शहरातल्या जुन्या मुसलमान घरातले. सगळी तहसील त्यांना चाचा म्हणायची. निजामाच्या काळात शाळेत उर्दू शिकलेले, मराठी लिहायला मागाहून शिकलेले, म्हणून त्यांचं अक्षर फार जपून काढलेलं आणि सुंदर असायचं. मी उभ्यानंच बोलायला सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, खुर्ची पुढं सरकवली आणि माझी फाईल उघडली.

"पत्र लई चांगलं लिहिता तुम्ही," ते म्हणाले. "पण त्या अम्माला बघितलं का?"

मी बघितलं नव्हतं. माझ्याकडं गावं पुष्कळ होती, जीप नव्हती, हे सगळं खरं होतं, पण ती सबब तिथं चालणारी नव्हती. मग त्यांनी मला समजावलं. बांधकामवाल्यानं दया केली म्हणून नाव लावलं, तहसिलीनं कायदा पाळला म्हणून अर्ज टाकला, दोघांनीही आपापल्या जागी बरोबरच केलं होतं. "सरकार एकच हाय बाई," ते म्हणाले, "पर दारं लई हायती, अन् हरेक दाराला आतून कडी." कुणाला दोष न देता बोलणारा माणूस मी कचेरीत पहिल्यांदाच बघत होते. माझा राग तिथंच निम्मा झाला.

त्यांचं म्हणणं असं की आता पत्र एकही लिहायचं नाही. तलाठी, डॉक्टर, इंजिनिअर आणि मी, चौघांनी एकाच दिवशी त्या कामावर जायचं, बाईला डोळ्यांनी बघायचं, आणि तिथंच बसून एकाच कागदावर लिहायचं. मी म्हटलं, चार खात्यांच्या सह्या एका कागदावर? असा नमुना कुठं आहे? ते म्हणाले, आहे की, पंचनामा. घर जळालं, गुरं मेली, माणूस विहिरीत सापडला तर सगळे जमून जे दिसतं ते लिहून काढतो ना आपण? मेलेल्या माणसासाठी चार खाती एका जागी येतात, मग जित्त्या माणसासाठी यायला काय हरकत आहे?

हरकत पुष्कळ जणांना होती. इंजिनिअर पोरसवदा होता, नुकताच नोकरीला लागलेला, आणि घाबरलेला. म्हातारी कामाची नाही असं कागदावर आलं तर खोटं मस्टर भरल्याबद्दल आपल्यावर शेकेल, अशी त्याला धास्ती. चाचा त्याच्याकडं स्वतः गेले. मी सोबत होते म्हणून सांगते, पहिला तासभर त्यांनी कामाचा विषयच काढला नाही. त्याचं गाव बिलोलीकडचं निघालं, तर तिथली बाजारपेठ, तिथलं तेलुगू मिसळलेलं बोलणं, त्याच्या आईचा दमा. दोन चहा झाले. मग उठता उठता सहज म्हणाले, ती अम्मा रांजण भरती, पाणी देती, लेकरं बघती, एवढंच लिही, त्यात खोटं काय? अन् खडी फोडती असं तू लिहिलंच कुठं होतं? पोराच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मी बघितला. पुढं मंजुरीच्या तारखेपासूनच नाव कमी करीन, आधी नाही, एवढं त्याच्याकडून त्यांनी कबूल करून घेतलं. दोन महिने काय खायचं हा प्रश्न तिथं, त्या चहाच्या कपांवर सुटला.

डॉक्टर आरोग्य केंद्राचे. यायला तयार, पण जीपला डिझेल नाही. तहसिलीची जीप टंचाईच्या कामात गुंतलेली. शेवटी चाचांनी युक्ती काढली की रोज सकाळी कामावर पाण्याचा टँकर जातोच. तेव्हा डॉक्टर आणि मी टँकरच्या केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारी अंग चोरून, आणि चाचा तलाठ्याच्या सायकलीवर मागं बसून, काखेत सतरंजीची गुंडाळी, असे आम्ही निघालो. नांदेडच्या कुणी बघितलं असतं तर माझ्या तोऱ्याचं काही खरं नव्हतं.

उघड्या माळावर खडीचे ढीग, एका ओळीत बसलेली बाया-माणसं, आणि एका बाभळीखाली दोन रांजण. रांजणांपाशी ती बसली होती. इतकी वाळलेली की लुगडंच बसल्यासारखं दिसत होतं. मांडीवर एक लेकरू निजलेलं, दोन शेजारी मातीत खेळत होती. चाचांनी सतरंजी अंथरली आणि आम्हा चौघांना बसवलं. कागद पुरा होईपर्यंत, त्या कागदाच्याच कामाखेरीज, सतरंजीवरून कोणी उठायचं नाही, हा त्यांचा शिरस्ता. एकदा माणूस उठला की त्याचं खातं पण उठतं, असं ते म्हणायचे.

मग ते तिला म्हणाले की अम्मा, आम्ही तुमचा पंचनामा करायला आलो.

म्हातारीचं तोंड उतरलं. तिनं मांडीवरचं लेकरू घट्ट धरलं आणि म्हणाली, "मी अजून जित्ती हाय की, बाबा."

खडीवरच्या बाया हसल्या, पण तिला हसू येईना. पंचनामा होतो तो मढ्याचा, एवढंच तिला ठाऊक. आपल्याला चक्कर आली ती बातमी सरकारकडं गेली आणि सरकारनं आपल्याला मेलेल्यांत धरलं, असं तिला वाटलं होतं. तिची समजूत काढता काढता टँकर रिकामा होऊन गेला. चाचांनी तिच्याकडून पाणी मागून घेतलं, प्यायले, आणि म्हणाले की मेलेल्या माणसाच्या हातचं पाणी मी पितो का? तेव्हा कुठं ती सैल झाली.

वयाचा दाखला नव्हताच. डॉक्टरांनी दात बघितले, डोळे बघितले, हाताची नाडी बराच वेळ धरून ठेवली. जन्माचं साल विचारलं तर तिला काय माहीत? चाचांनी विचारलं, रझाकाराच्या वक्ताला तुम्ही केवढ्या होता? ती झटक्यात म्हणाली, तवा मला जावई आला होता. डॉक्टरांनी बोटांवर हिशेब केला आणि वय लिहिलं. त्या लेकीचं काय झालं, हे मी विचारलं. पहिल्याच बाळंतपणात गेली, जावयानं दुसरं घर केलं. हे तिनं पाण्याचा पेला विसळत सांगितलं.

चाचा लिहीत होते. मी मधेच काही भारदस्त वाक्यं सुचवली, तर त्यांनी मला तिच्या खोपटात जाऊन काय काय आहे ते मोजून यायला सांगितलं. खोपट हाकेच्या अंतरावर होतं. दोन मडकी, एक तवा, एक वाकळ, दोरीवर एक लुगडं. मी येऊन सांगितलं, त्यांनी लिहिलं. इंजिनिअरनं आपल्या हातानं लिहिलं की बाई फक्त पाणी पाजते आणि तेही तिला झेपत नाही. डॉक्टरांनी लिहिलं, तलाठ्यानं लिहिलं. चौघांच्या सह्या झाल्या. उरला तिचा अंगठा.

पंचनामा वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नसतो. बाकीचे लोक शेवटची ओळ पुटपुटतात आणि शाईचा डबा पुढं करतात. चाचांनी सबंध कागद वाचला, सावकाश, मोठ्यानं. ती ऐकत होती. आपली मडकी कागदात आली हे ऐकून तिला जरा मजाही वाटली. मग शेवटचं वाक्य आलं, 'सदर बाईस स्वतःचे असे कोणीही नाही.'

तिनं हात मागं घेतला. अंगठा द्यायला ती तयारच होईना. मी समजावलं की आजी, हेच तर महत्त्वाचं आहे, ह्याच वाक्यावर तुमची मदत अवलंबून आहे. तलाठ्यानं समजावलं, डॉक्टर घड्याळ बघायला लागले. ती माझ्याकडं वळली आणि म्हणाली, "कुनी न्हाई म्हून अंगठा दिला, तर मरताना माझ्या तोंडात पानी कोन घालंल?"

माळावरचे हातोडे थांबले होते. ही सगळी बसलीत, ही लेकरं हायत, मी यांच्यासमोर कशी म्हणू मला कुणी नाही, असं ती म्हणत होती. आणि तिचं खरं होतं. पण ते वाक्य काढलं तर अर्ज पडणार, हेही तितकंच खरं होतं. उन्हाळा निम्मा सरला होता. अंगठ्याविना तो कागद रद्दी होता आणि काम बंद पडलं की तिची चूलही बंद. मला रडू यायला लागलं, आणि मी रडू आलं की चिडते, म्हणून मी काहीतरी तोडून बोलणार होते.

चाचांनी मला हातानंच थांबवलं. कागद मांडीवर घेतला आणि ते वाक्य न खोडता त्याखाली आणखी लिहिलं. मग वाचून दाखवलं : 'याबाबत सदर बाईचे म्हणणे असे की, या कामावरील सर्व मजूर व त्यांची लेकरे ही तिचीच माणसे आहेत. तथापि, त्यांपैकी कोणावरही तिला पोसण्याची कायद्याने जबाबदारी नाही.'

तिनं त्यांना ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं. कायद्याचा भाग तिला कळला नसावा, पण 'तिचीच माणसे' हे तिनं ओठांतल्या ओठांत म्हणून बघितलं. मग पदराला अंगठा पुसला आणि दिला.

मी पुढं मोठमोठे अधिकारी पाहिले, दिल्लीपर्यंतचे पाहिले. नियम वाकवणारे पाहिले, नियमाआड दडणारे तर ढिगानं पाहिले. पण नियम जिथल्या तिथं ठेवून त्यात माणसाला बसायला जागा करून देणारा हा एकच पाहिला. मला त्यांचा तेव्हा जो मान वाटला तो आजही तसाच वाटतो, आणि तो कमी व्हावा असं काही त्यांच्या हातून माझ्यासमोर झालं नाही.

मंजुरीच्या बैठकीला उपजिल्हाधिकारी साहेब होते. स्वभावानं कडक. कागद हातात घेऊन त्यांनी आधी चार खात्यांच्या सह्या बघितल्या आणि हे कोणी केलं म्हणून विचारलं. चाचा म्हणाले, मी. जबाबदारी वाटून घ्यायला आम्ही चौघं होतो, पण त्यांनी कुणाकडं बघितलंसुद्धा नाही. साहेबांनी शेवटपर्यंत वाचलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. हे नियमात बसतं का, असं त्यांनी विचारलं.

"नियमाचं वरच्या ओळीत हाय, साहेब," चाचा म्हणाले. "खालचं बाईचं हाय."

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. मग सही केली, आणि असे राहिलेले बाकीचे अर्जही याच रीतीनं पुरे करून आणा म्हणाले. त्या उन्हाळ्यात आमची सतरंजी किती माळांवर अंथरली गेली ते मी मोजलं नाही. डॉक्टर पुढं पुढं आपण होऊन विचारायचे, पुढचा टँकर कधी.

मंजुरीचा हुकूम घेऊन मी स्वतः त्या खडीच्या कामावर गेले. टपालानं धाडवेना. आजीला सांगितलं की आता दर महिन्याला पोस्टमन घरी येईल, उन्हात यायचं कारण नाही. ती हरखून गेली. मग तिनं विचारलं, मस्टरवर नाव? मी म्हटलं, ते आजपासून कापलं. हे मी आनंदानंच सांगितलं होतं.

तिचा चेहरा विझला. त्या उन्हाळ्यात तिला रोज सकाळी नावानं हाक मारली जात होती ती त्या मस्टरवरून, बाकीच्यांच्या रांगेत. चार खाती मिळून आम्ही तिचं ते नाव काढायला झटलो होतो, आणि आमच्यापैकी एकाच्याही हे मनात आलं नव्हतं. कदाचित चाचांच्या आलं असेल. पण ते त्या दिवशी दुसऱ्या गावाला होते.

इंजिनिअर पोरगा जवळच उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं. मस्टरवर नाव नसलेल्या माणसाला कामावर बसवता येत नाही, हा नियम आम्हा दोघांनाही पाठ होता. त्यानं कपाळावरची टोपी पुढं ओढली आणि खडीचे ढीग मोजायला निघून गेला.

म्हातारी उठली. रांजणापाशी गेली, तिथं आपल्या जागी बसली, वरची झाकणी काढली, पेला बुडवला आणि माझ्यापुढं धरला.

"आजवर पगाराचं पाजलं," ती म्हणाली. "आता हे माझ्या घरचं. घ्या बाई."

मी ते पाणी उभ्यानं न पिता तिच्याशेजारी मातीत बसून प्यायले.